इथंच सहाचा खेळ, की कोल्हापूरचं मल्टिप्लेक्स?

या शुक्रवारी आमच्या टॉकीजला दोन सिनेमे लागलेत. बारा आणि सहाच्या खेळाला नवा मराठी, भावाभावांतल्या वाटणीचा. तीन आणि नऊला दक्षिणेतला, हिंदीत डब केलेला. त्याच्या ट्रेलरमध्येच दोन ट्रक आणि एक पूल उडतो. हे दोन्ही सिनेमे कोल्हापूरच्या मल्टिप्लेक्सलाही आहेत. त्यामुळं एसटी स्टँडसमोर पोस्टर चिकटल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतोय, इथंच बघू का गाडी काढून तिकडं जाऊ?

सिनेमे कसे आहेत ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी बोलणार आहे ते फक्त कुठं बघावेत याबद्दल, कारण बरीच वर्षं मी दोन्हीकडं नेमानं जात आलोय आणि माझ्यापुरता निकाल लावून बसलोय. तिकिटाचे दर आणि खुर्च्यांचे प्रकार सांगत बसत नाही, ते तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहेत.

आधी कोल्हापूरच्या बाजूनं बोलतो. स्वच्छतागृहाचा विषय निघाला की पुरुषमंडळी हसून सोडून देतात, पण गावाकडच्या कितीतरी बायकांचं टॉकीजला जाणं त्याच कारणानं सुटलंय. आमच्याकडं बायकांच्या बाजूला कडी आहे तर पाणी नाही, पाणी आहे तर दिवा नाही. मालकाला सांगून झालं, मॅनेजरला सांगून झालं. घरातल्या बायका ‘आपण तिकडंच जाऊ’ म्हणतात तेव्हा त्यांना पॉपकॉर्न नको असतं. एवढ्या एका कारणासाठी कुणी मल्टिप्लेक्स निवडलं तर माझ्याकडं त्यावर उत्तर नाही.

निवडीच्या बाबतीतही तिकडचं पारडं जड आहे. एखादा सणकी, कमी खर्चाचा, पुरस्कारबिरस्कार मिळालेला मराठी सिनेमा आमच्याकडं येतच नाही. मॅनेजर म्हणतो, ‘साहेब, तुम्ही आन् ते कॉलेजचे सर, दोघांसाठी आणू का?’ त्याचं बरोबर आहे. असले सिनेमे बघायचे तर कोल्हापूर गाठावंच लागतं, तेही पहिल्या तीन-चार दिवसांत, नाहीतर तिथूनही उतरलेले असतात. खुर्च्यांबद्दल बोलायचं तर आमचे ढेकूण गेले, स्प्रिंगा राहिल्या.

चित्राचंही तसंच. प्रोजेक्टरचा दिवा जसजसा जुना होतो तसतसा मंद होत जातो, आणि नवा दिवा स्वस्त नसतो. म्हणून छोट्या टॉकीजवाले तो जितका ओढता येईल तितका ओढतात. दिवसाची दृश्यं त्यातून निभावतात. रात्रीच्या दृश्यांत मात्र आमच्याकडं कुणी कुणाला मारलं हे किंकाळीवरून ओळखावं लागतं. मल्टिप्लेक्सला हा त्रास नाही, निदान मी ज्या स्क्रीनला जातो तिथं तरी नाही. पण एक गोष्ट तिकडचे लोक सांगत नाहीत. आमचा पडदा सिनेमास्कोपच्या काळात बांधलेला आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मॉलमधले बरेच पडदे कमी रुंद असतात. स्कोपमधला, म्हणजे रुंद चित्राचा सिनेमा तिथं लागला की वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून मधल्या जागेत बसवतात. उजेड चांगला, चित्र लहान. मला स्वतःला मंद पण रुंद चालतं. तुमचे डोळे तुमच्याकडं.

आवाजाचा हिशेब जरा निराळा आहे आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. आमच्या टॉकीजचं छत उंच, भिंतींवरचे जाड पडदे कधीच फाटून गेलेले, त्यामुळं रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतींना आपटून परत येतो. मंगळवारी बाराच्या खेळाला बसलात तर प्रत्येक संवाद दीड वेळा ऐकू येईल. मराठी सिनेमात हे फार लागतं, कारण आपला सिनेमा बोलण्यावर चालतो. पण रविवारी सहाला, खाली-वर माणसं भरलेली असताना, तोच हॉल एकदम सुधारतो. माणसांची अंगं आणि अंगावरचे कपडे आवाज शोषून घेतात, घुमणं थांबतं, शब्द सुटे होतात. त्यामुळं ‘तुमच्या टॉकीजला ऐकूच येत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या वारी गेला होतात? मल्टिप्लेक्सला वार कुठलाही असो, आवाज तोच. तो चांगलाच असतो. कधी कधी जरा जास्तच असतो. आमच्या आईनं तिथं पदर कानावर धरून अर्धा सिनेमा बघितलाय.

एके काळी या तुलनेला अर्थच नव्हता. रिळांच्या दिवसांत प्रिंट मोजक्याच निघायच्या, त्या आधी शहरात चालायच्या, आणि तिथलं पाणी आटलं की सिनेमाची पेटी आमच्याकडं यायची. तोपर्यंत पुण्यामुंबईच्या पाहुण्यांनी गोष्ट सांगून टाकलेली असायची. प्रिंटवर पावसासारख्या रेघा असायच्या, एखादं गाणं मधूनच गायब असायचं. २००५च्या आसपास उपग्रहावरून सिनेमा पोचवायची सोय आली आणि हळूहळू तालुक्याच्या गावालाही पहिल्या शुक्रवारी नवा सिनेमा मिळू लागला. शहरात जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तेव्हाच संपलं. उरली ती सोयी-गैरसोयींची भांडणं.

खाण्याचं भांडण त्यातलंच. बाहेरचे पदार्थ आत नेऊ द्यायचे की नाही हे थिएटरवाल्यानं ठरवावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२३ला दिला. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायचं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही, हेही त्यात आलं. हे पाणी मल्टिप्लेक्सला मिळतं, फक्त ते कुठं आहे हे विचारत जावं लागतं. आमच्याकडं कुणी पिशवी तपासत नाही. मध्यंतरात फाटकाबाहेर जाऊन समोरच्या गाड्यावरची भजी आणावीत, कागदासकट आत बसून खावीत, डोअरकीपरलाही दोन द्यावीत, अशी रीत आहे. शेजारच्याच्या भज्यांचा वास येतो म्हणून तक्रार करणारे असतात. त्यांनी कोल्हापूरला जावं, हे मी मनापासून आणि रागावल्याशिवाय सांगतो.

आता ज्या गोष्टीनं माझा काटा झुकला तिच्याकडं येतो. बाथरूम, दिवा, आवाज या सगळ्यांत हरूनही आमचं टॉकीज माझ्याकडून जिंकतं ते वेळेवर.

बारा, तीन, सहा, नऊ. माझ्या वडिलांच्या तरुणपणी याच वेळा होत्या. पोस्टरवर ‘दररोज ४ खेळ’ एवढंच छापतात, वेळ छापायची कुणाला गरज वाटत नाही. गावाचं निम्मं वेळापत्रक या चार आकड्यांना टेकलेलं आहे. सहाचा खेळ साडेआठच्या सुमाराला सुटतो, आणि वाड्या-वस्त्यांवर मुक्कामाला जाणाऱ्या एसटी त्यानंतर स्टँडवरून हलतात. त्या गाड्यांचे वाहक सिनेमा कुठला लागलाय आणि किती लांबीचा आहे हे माहीत ठेवून असतात. बारानंतर भजीवाला तेल तापवतो तोही मध्यंतराच्या हिशेबानं. सिनेमाला जायचं ठरवताना आमच्याकडं कुणी फोन उघडून बघत नाही. आई सकाळीच म्हणते, ‘आज सहाला जाऊया’, आणि तिथंच सगळं ठरलेलं असतं.

मल्टिप्लेक्सला वेळ अशी नसतेच. सकाळी १०:०५, मग १:२०, मग ४:३५, उद्या वेगळी, परवा आणखी वेगळी. शुक्रवारच्या वेळा बुधवारी रात्रीपर्यंत नीट कळत नाहीत, आणि सोमवारपासून पुन्हा बदलतात. यात कुणाची खोडी आहे असं नाही, धंदाच तसा आहे. चार-पाच पडदे, प्रत्येक सिनेमाची लांबी निराळी, मधे झाडलोटीला वेळ, आणि कुठल्या खुर्चीवर जास्त पैसे मिळतील याचा रोजचा हिशेब. तो हिशेब समजून घ्यायचा तर २००९चा संप आठवावा लागेल. त्या वर्षी एप्रिल ते जून हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे सिनेमे दिलेच नाहीत. शेवटी तडजोड झाली ती अशी, की पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढं ३०. म्हणजे प्रत्येक विकल्या गेलेल्या तिकिटात दोघांचा वाटा. खुर्ची रिकामी राहिली की दोघांचंही नुकसान, म्हणून कमी चालणारा सिनेमा लगेच हलवायचा, जास्त चालणाऱ्याला त्याची जागा द्यायची.

आमच्यासारख्या जुन्या टॉकीजचा व्यवहार पूर्वापार भाड्याचा. वितरकानं आठवड्याचं ठरलेलं भाडं द्यायचं, शुक्रवार ते गुरुवार हॉल त्याचा. लोक येवोत न येवोत, खेळ होणार. आता सगळीकडं तसं राहिलेलं नाही, आमच्याकडंही काही सिनेमे वाट्यावर येतात म्हणे. पण सवय तीच टिकून आहे. एकदा लागलेला सिनेमा गुरुवारच्या नऊपर्यंत पडद्यावर असतो.

या फरकाची किंमत मराठी सिनेमाला सगळ्यात जास्त मोजावी लागते. एप्रिल २०१५मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सला संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळेत मराठी सिनेमा दाखवायला लावायचं जाहीर केलं होतं. त्यावर मोठा गदारोळ झाला. पुढं चर्चा होऊन ‘प्राइम टाइम’ दुपारी बारा ते रात्री नऊ असा ताणला गेला. आमच्या टॉकीजनं तो नियम कुणी न सांगता पाळला असता. बारा आणि नऊ हे आमचे पहिले आणि शेवटचे खेळच आहेत. मल्टिप्लेक्सला मात्र त्या नऊ तासांत दुपारी १२:१०ला एक खेळ लावला तरी नियम पाळल्यासारखा होतो. दुपारी १२:१०ला इथून कोल्हापुरात पोचायचं म्हणजे कामाच्या माणसानं अख्ख्या दिवसाची रजा टाकायची.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, मोजमाप म्हणून नव्हे. आईला एक मराठी सिनेमा बघायचा होता, आमच्याकडं तो लागला नव्हता. मधल्या वारी दुपारी ४:१०च्या खेळाची तिकिटं फोनवरून काढली. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू असल्यानं महामार्गावर तासाच्या रस्त्याला दीड तास धरून चालतो आम्ही, म्हणून अडीचलाच निघालो. निम्म्या वाटेत मेसेज आला: काही कारणानं खेळ रद्द, पैसे खात्यात परत येतील. पोचल्यावर काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो बिचारा अदबीनं म्हणाला, ‘काका, चारच बुकिंग होती, वरून बदललं.’ त्या स्क्रीनवर त्या वेळी एक मोठा हिंदी सिनेमा चालू होता. पुढचा मराठी खेळ रात्री ९:४०ला. आई काही बोलली नाही, फक्त गाडीत बसताना म्हणाली, ‘लागलाय म्हनला हुतास न्हवं?’ पैसे परत आले, ऑनलाइन बुकिंगची फी वजा होऊन. डिझेल आणि टोल कुणाकडं मागायचा?

कुणी म्हणेल, चार माणसांसाठी एसी आणि पडदा का चालवायचा? मुद्दा रास्त आहे. पण आमच्या टॉकीजला मी याहून कमी माणसांत सिनेमा बघितलाय. मॅनेजर बाहेर येऊन विचारतो, ‘जरा थांबूया का? एक गाडी येऊ दे.’ मग गाडी येते, त्यातून दोघं-तिघं उतरतात, त्यातला एखादा सिनेमाला आलेला असतो, आणि दहा-पंधरा मिनिटं उशिरा का होईना, खेळ सुरू होतो. पंखे निम्मे लावतात, हे खरं. पण आत सोडलेल्या माणसाला सिनेमा न दाखवता बाहेर काढलेलं मी तिथं पाहिलेलं नाही.

शिवाय मल्टिप्लेक्सची छापील वेळ ही सिनेमाची वेळ नसते, जाहिरातींची असते. बेंगळुरूत एका प्रेक्षकानं याच गोष्टीवरून ग्राहक आयोगाकडं दाद मागितली होती. त्याची २५ मिनिटं जाहिरातींत गेली होती. आयोगानं २०२५च्या फेब्रुवारीत त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि तिकिटावर सिनेमा सुरू होण्याची खरी वेळ लिहायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटते. शहरात राहणाऱ्याला ती २५ मिनिटं म्हणजे वैताग. पन्नासेक किलोमीटर परतायचं असलेल्याला ती शेवटची एसटी. संध्याकाळी ७:१०चा खेळ प्रत्यक्षात ७:३५ला सुरू होतो, मध्यंतर पॉपकॉर्नच्या रांगेपुरतं लांबतं, सुटतो साडेदहाला. त्या वेळी कोल्हापूरच्या स्टँडवर आमच्या गावची गाडी नसते. म्हणजे स्वतःची गाडी हवी, रात्री महामार्ग चालवणारा माणूस हवा, दुसऱ्या दिवशी उशिरा उठायची मुभा हवी. ज्यांच्याकडं हे तिन्ही आहे त्यांना माझी तक्रार किरकोळ वाटेल, आणि त्यांच्यापुरती ती आहेही.

आमच्या घड्याळालाही एक मोठी खोट आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बारा-तीन-सहा-नऊ हे गणित अडीच तासांच्या सिनेमावर बसवलेलं आहे. हल्ली हिंदी आणि तेलुगूतले मोठे सिनेमे सव्वातीन-साडेतीन तासांचे निघायला लागलेत. असा एखादा लागला की आमचं सगळं कोलमडतं. चारचे तीन खेळ होतात, बारा, चार आणि आठ. मग सहाच्या सवयीनं आलेली माणसं फाटकावर उभी राहून डोअरकीपरशी हुज्जत घालतात. मध्यंतर पाच मिनिटांचं होतं, भजीवाल्याची भजी कढईतच राहतात. आठचा खेळ साडेअकरानंतर सुटतो आणि वस्तीवरची माणसं त्याला येतच नाहीत. मल्टिप्लेक्सची लवचीक वेळ अशा सिनेमांसाठीच केलेली आहे, हे मान्य करावं लागतं. साडेतीन तास त्या स्प्रिंगांवर बसणं हाही प्रश्न आहेच.

दरांबद्दल बोलणार नाही म्हणालो होतो, पण एक बारकावा सांगतो. सप्टेंबर २०२५च्या २२ तारखेपासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्केच आहे. आमच्या बाल्कनीचा दर शंभराला टेकून थांबलाय त्याला हेही एक कारण असावं. वाचलेल्या पैशात मालकानं बायकांच्या बाथरूममध्ये दिवा लावला तर हा लेख मी आनंदानं पुन्हा लिहीन.

तिसरा पर्याय म्हणून घरी बसून मोबाइलवर किंवा टीव्हीवर बघणारे पुष्कळ आहेत. हिंदी सिनेमासाठी मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आठ आठवड्यांचं अंतर मागतात, म्हणजे दोन महिने थांबायची तयारी हवी. मराठीचा भरवसा नसतो. काही लवकर येतात, काही येतच नाहीत. वाटणीवरचा सिनेमा घरी चार भावंडांत बसून बघायची हिंमत ज्यांच्यात आहे त्यांनी जरूर थांबावं. जत्रेतल्या तंबूचं नाव घेणारेही एक-दोघं भेटतातच. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत मी तंबूत सिनेमा बघितलाय, खाली जमीन, वर कापड, बाजूला दुसऱ्या तंबूचा भोंगा. मजा येते, पण तिथं सिनेमा बघितला असं म्हणवत नाही. जत्रा बघितली म्हणावं.

कोल्हापूरबद्दल माझ्या मनात अढी आहे असं कुणी समजू नये. जिथं बाबूराव पेंटरांनी घरच्या घरी कॅमेरा तयार करून सिनेमा काढला त्या गावाला जाऊन सिनेमा बघण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. इंग्रजी सिनेमा असेल, पोरीला थ्रीडी बघायचं असेल, किंवा सासुरवाडीचे पाहुणे आलेत आणि त्यांना मॉलही दाखवायचाय, तर मी तिकडंच नेतो. फक्त दोन गोष्टी सांभाळतो: शनिवार-रविवारच निवडतो, कारण मधल्या वारी खेळ उडायची भीती जास्त, आणि घरातून निघण्याच्या तासभर आधी तिकीट काढतो, आदल्या दिवशी नाही.

आता या आठवड्याचं. वाटणीवाला मराठी सिनेमा इथंच बघावा, सहाला, आणि जमलं तर रविवारी. गर्दी असेल, म्हणजे संवाद नीट ऐकू येतील, आणि असल्या सिनेमात थोरल्या भावानं सातबारा पुढं सरकवला की अख्खा हॉल ‘च्च’ करतो, ते मल्टिप्लेक्सला होत नाही. बाराला जायचं असेल तर शनिवारी जा, बाजारादिवशी नको. त्या दिवशी गाळ्यांपुढच्या ट्रॅक्टरांचा आवाज सिनेमाच्या आवाजात मिसळतो. कोल्हापूरला याच सिनेमाची वेळ शुक्रवारी दुपारी २:५०ची होती, शनिवारी ११:१५ची दिसतेय, सोमवारची अजून कुणाला ठाऊक नाही.

ट्रकवाल्या सिनेमाबद्दल माझं मत तितकं पक्कं नाही. ट्रेलरवरून बराचसा भाग रात्रीचा दिसतो, आणि आमच्या दिव्याचं मी वर सांगितलंच. ज्यांना प्रत्येक ठोसा स्वच्छ बघायचाय त्यांनी कोल्हापूरला जाऊन पैसे सत्कारणी लावावेत. पण लांबी अडीच तासांच्या आतली आहे, म्हणजे आमचा नऊचा खेळ वेळेवर सुरू होऊन वेळेवर सुटणार. नायक पहिल्यांदा वळून बघतो तेव्हा स्टॉलमधून उठणारी शिट्टी हवी असेल तर शुक्रवार किंवा शनिवारचा नऊचा धरा. बायका-पोरांना घेऊन जाणार असाल तर तीनचा बरा, आणि निघण्याआधी घरीच सगळं उरकून घ्यायला सांगा.

बाल्कनीत तिसऱ्या रांगेच्या मधल्या खुर्च्या मागा, तिथं आवाज सगळ्यात सुटा येतो. डावीकडच्या भिंतीलगत बसू नका. तिथला पंखा मध्यंतरानंतर खडखडायला लागतो आणि ऑपरेटर तो बंद करायला खाली उतरत नाही.